कर्जतला गाडी थांबते तेवढ्यात

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी बहुतेक करून कर्जतला थांबतेच. घाट चढायचा म्हणून मागून बँकर इंजिनं लागतात. तोवर फलाटावरून वड्याचा वास येतो, खिडकीतून नोटा बाहेर आणि पुडे आत जातात, आणि दादरपासून एकमेकांकडे न बघितलेली दोन माणसं ‘जरा धरता का’ एवढ्या निमित्ताने बोलायला लागतात. लोणावळा येईपर्यंत एकाच्या मुलीचं लग्न, दुसऱ्याची बायपास, कुठल्या देवाला केलेला नवस, सगळं बोलून होतं. स्टेशन आलं की पिशव्या उचलायच्या आणि निघायचं. नावं विचारायची राहूनच जातात.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात ज्याचे पडसाद सगळ्यात दूरवर गेले, ते संभाषण असंच एका रेल्वेच्या डब्यात झालं. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. समोर एक युरोपियन गृहस्थ होता. बोलणं निघालं ते कवितेवरून, संस्कृत काव्यावरून. धर्माचा विषय नंतर आला. उतरण्याआधी त्या माणसाने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून टाकलं. हे सांगणं जरा आगाऊपणाचंच होतं, आणि टिळकांसारख्या मानी माणसाने पुस्तक खिडकीबाहेर फेकलं असतं तरी कुणी दोष दिला नसता. त्यांनी ते वाचलं. डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. डब्यातल्या त्या माणसाचं नाव टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

ही गोष्ट आपल्याकडे उपासनेत पुष्कळ वेळा सांगितली जाते आणि प्रत्येक वेळी भर दिला जातो तो त्या भाकितावर. आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो संभाषणाचा क्रम. आधी कविता, आणि तीही समोरच्याची, त्याच्या भाषेतली, त्याच्या अभिमानाची. मग स्वतःची श्रद्धा. मग पुस्तक. त्यानंतर तो माणूस गेला. पुढची दोन वर्षं टिळक होते आणि ते पुस्तक होतं.

गाडी थांबते ते धरून महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत, आणि ख्रिस्ती इतिहासाच्या दृष्टीने दोन्हींची नशिबं वेगळी. एक नगर जिल्ह्यात आहे. त्या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली ठाणं मांडलं, आणि पुढच्या पन्नास वर्षांत तिथल्या गावोगावच्या महारवाड्यांतून मंडळ्या उभ्या राहिल्या. अहवालांत नावं मिशनऱ्यांची येतात. पण खेड्यातून खेड्यात सुवार्ता गेली ती सोयरिकीच्या वाटेने. लेक दिलेल्या गावी बाप गेला, भाऊ गेला, जावई सासरी आला, आणि ओट्यावर बसून आपल्याला काय गवसलं ते सांगत राहिला. त्याला कुणी नेमलेलं नव्हतं.

दुसऱ्या, रायगडच्या कर्जत-खालापुरात हे घडलं नाही. पोर्तुगीज आले ते किनाऱ्याला धरून. चौल-रेवदंड्याचं त्यांचं राज्य १७४० साली संपलं, तरी कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज वळणाची बोली आजही घरात बोलली जाते. सह्याद्रीच्या पायथ्याला मात्र ते वारं लागलं नाही. पुढे इंग्रजी अमलात पुण्याला जाणारा प्रत्येक पाद्री पनवेल, चौक, खालापूर, खोपोली याच वाटेने गेला. १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाट गाड्यांना खुला झाला. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि वरची गाडी १८५८ पासून खंडाळ्याहून सुटू लागली. मधला चढ प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी पार करावा लागे. १८६३ साली घाटातून रूळ गेले आणि तीही अडचण संपली. नाना फडणवीसांनी बांधलेल्या खोपोलीच्या तळ्याकाठी किती मिशनऱ्यांनी घटकाभर दम खाल्ला असेल! दम खाऊन ते वर गेले. हे खोरं त्यांच्या वाटेवर होतं, मुक्कामाचं नव्हतं.

डोंगरावर मात्र मुक्काम झाला. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून माथेरानला चढला, आणि थोड्याच वर्षांत तिथे साहेबांचे बंगले आले, मागोमाग चर्चही आली, एक प्रॉटेस्टंटांचं आणि एक कॅथलिकांचं. ती आजही आहेत, देखणी आहेत. पण ती उभी राहिली थंड हवेला आलेल्यांसाठी. त्यांना खांद्यावरून वर आणणाऱ्या, लाकूड-पाणी पुरवणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांच्या भाषेत तिथे कुणी प्रार्थना केली असेल, तर ते अपवादानेच. चर्च असलं म्हणजे श्रद्धा आपोआप आसपास पाझरते, असं मानणाऱ्याने एकदा माथेरानला जाऊन यावं.

कातकऱ्यांची दखल कुणी घेतलीच नाही असंही नाही. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांचा वारली आणि काथोडी (म्हणजे कातकरी) या वन्य जमातींवरचा लेख रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८४३ साली आला. पण विल्सनसाहेबांचं याच जिल्ह्याशी जोडलेलं दुसरं काम आम्हाला जास्त बोलकं वाटतं. ते आहे बेने इस्रायलांमधलं.

कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातले हे शनिवार तेली. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवार पाळणारे, मराठी बोलणारे ज्यू. आपल्या धर्माच्या काही खुणा त्यांनी शतकानुशतकं जपल्या होत्या, पण हिब्रू भाषा आणि शास्त्रं त्यांच्यातून जवळजवळ विसरली गेली होती. मिशनऱ्यांना वाटलं, जुना करार यांचाच, नवा सांगायला कितीसा वेळ लागणार? विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं, शाळेत बेने इस्रायल मुलांना हिब्रू शिकवलं, मराठी जुना करार त्यांच्या हाती दिला. परिणाम काय झाला? ख्रिस्ती झाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचा समाज त्या पुस्तकांच्या आधाराने पूर्वीपेक्षा जाणता ज्यू झाला. जोसेफ इझिकियल राजपूरकरांनी ज्यू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. किहीमचं नाव लावणाऱ्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनी समाजासाठी शाळा काढली आणि समाजाचा इतिहास लिहिला. १८८०च्या सुमाराला बेने इस्रायलांची कीर्तनं सुरू झाली, टाळ-झांजेसह, मोशे आणि योसेफाची आख्यानं लावून. त्याआधी, १८६२ साली, नगरला कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात केलेली होती. एकाच नारदीय घाटात तीन धर्म बोलू लागले.

मिशनच्या ताळेबंदात हे अपयश ठरतं. आम्ही तसं मानत नाही. ज्याला सांगितलं त्याने ऐकलं, तोलून पाहिलं आणि स्वतःच्या वाटेने गेला. सांगणाऱ्याचं काम तिथे पुरं झालं. ज्या सांगण्यात ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची जागा नसते, त्याला सुवार्ता म्हणवत नाही.

ही जागा कुठे असते आणि कुठे नसते, हे समजायला पुन्हा १८९३ सालाकडेच जावं लागतं. टिळकांचा तो प्रवास झाला त्याच वर्षी पुण्यात ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर वादळ उठलं. मुंबईत १८८९ साली सुरू झालेलं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलेलं हे विधवांचं घर. सदनात धर्मशिक्षण नाही, हा करार रमाबाईंनी पाळला होता. पण स्वतःची प्रार्थना त्या दार लावून करत नव्हत्या. मुली येऊन बसायच्या. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की माझ्या घरात माझ्या देवाला लपवून मी राहणार नाही. त्या धैर्यापुढे मान झुकते. तरीही सल्लागारांचा प्रश्न खोटा नव्हता. ज्या मुलीचं जेवण, छप्पर आणि अब्रू तुमच्या हाती आहे, ती तुमच्या प्रार्थनेला येऊन बसते तेव्हा ती किती स्वतःच्या मनाने येते? रेल्वेच्या डब्यात टिळक पुस्तक नाकारू शकत होते. सदनातल्या मुलीला दुसरं सदन नव्हतं.

कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर हा प्रश्न आज रोजचा आहे. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, घरांना कडी लागते, आणि ती माणसं परततात पावसाच्या तोंडाशी. अशा वाडीत तांदळाच्या पिशवीबरोबर प्रार्थना वाटली, औषधाच्या गोळीबरोबर पत्रक दिलं, तर विरोधक म्हणतात त्यात तथ्य आहे हे आपणच आधी कबूल करायला हवं. तांदूळ द्यावा. औषध द्यावं, पोरांना शाळेत पोचवावं. त्याची किंमत म्हणून कुणाच्याही देवाला हात लावू नये. ‘आमिष’ हा शब्द ऐकला की आपण चिडतो; पण प्रत्येक वेळी तो निराधार असतो असं छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही.

याचा अर्थ गप्प बसावं असा होत नाही. घटनेच्या २५व्या कलमात धर्म मानण्याबरोबर आणि आचरण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. संविधान सभेत ६ डिसेंबर १९४८ रोजी या शब्दावर खडाजंगी झाली. तो काढा म्हणणारे होते; कन्हैयालाल मुनशींनी ख्रिस्ती प्रतिनिधींशी झालेल्या समझोत्याची आठवण देऊन तो राखला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात रेघ आखली: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही. ख्रिस्ती वर्तुळात या निकालावर नाराजी आहे आणि तिला कारणंही आहेत, कारण त्याच निकालाने राज्यांचे धर्मांतरविषयक कायदे उचलून धरले. पण नुसती ती रेघ पाहिली तर साध्या श्रद्धावंताला ती अडवत नाही. सांगणं आपल्याकडे, वळणं किंवा न वळणं ज्याचं त्याच्याकडे. डब्यातल्या त्या प्रवाशाने याहून वेगळं काय केलं होतं?

अडचण कायद्याची कमी आणि आपल्या सवयीची जास्त आहे. सांगायचं काम आपण पगारी माणसांवर सोडून दिलं. मिशनच्या काळात कॅटेकिस्ट होते, बायबल स्त्रिया होत्या, आणि त्यांनी उन्हातान्हात वणवण केली हे खरं. पण पगार घेऊन बोलणाऱ्याचं बोलणं ऐकणाऱ्याच्या कानात जरा वेगळं वाजतंच. टिळकांना हे उमगलं होतं. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही. त्याला जेमतेम दोन वर्षं मिळाली. ९ मे १९१९ रोजी ते गेले. दरबार टिकला नाही. त्यांची भजनं मात्र आजही ज्या घरात म्हटली जातात, तिथे ती पाळकांपेक्षा आजींना जास्त पाठ असतात.

आणि घरातली माणसंही सहज वळत नाहीत, हे टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडून शिकावं. नवऱ्यासारखा वक्ता आणि कवी समोर असून त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, टिळकांनंतर पाच वर्षांनी. मधल्या काळातली ताटातूट, राग, सोवळं हळूहळू गळून पडणं, हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने लिहिलं आहे. आपल्या लोकांनी प्रवचनांऐवजी हे पुस्तक वाचलं तर साक्ष कशी द्यायची हे निराळं शिकवावं लागणार नाही. त्यात उपदेश शोधून सापडत नाही, आणि फजितीच्या गोष्टी पानापानावर आहेत.

आज नेरळ, कर्जत, खोपोलीत मुंबईतून स्वस्त घरासाठी आलेली कुटुंबं इमारतींमधून राहतात. त्यात आपलीही आहेत. कुणी रेल्वेत, कुणी दवाखान्यात, कुणी कारखान्यात. रविवारी सकाळी ठेवणीतली साडी नेसून बाई जिना उतरते तेव्हा शेजारीण विचारते, “वहिनी, एवढ्या सकाळी कुठे?” आणि पुष्कळदा उत्तर येतं, “जरा काम आहे.”

या उत्तरामागे भीती आहे, आणि आजच्या वातावरणात तिला हसण्यात अर्थ नाही. पण त्या शेजारणीकडेही बघावं. ती अंगारकीला पहाटे उठून महडला वरदविनायकाच्या रांगेत उभी राहते, दुपारी परतताना आपल्या दारात थांबते, रांग किती होती, नातवाची परीक्षा कशी आहे, गणपतीला काय सांगितलं, सगळं सांगते आणि हातावर प्रसाद ठेवते. तिला कुणी प्रचारक म्हणत नाही. तीही आपल्याकडून काही मागत नाही. तो प्रसाद घ्यावा की घेऊ नये यावर आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या वाद आहेत. तो वाद आज राहू दे. पुढच्या अंगारकीला तिला आत बोलावून चहा टाकावा आणि ती काय मागून आली ते नीट, पूर्ण ऐकून घ्यावं. मग ती उलट विचारेलच, तुम्ही रविवारी काय मागता म्हणून. तेव्हा ‘जरा काम आहे’ म्हणून चालायचं नाही.