शेजाऱ्याचें दार

घर म्हणजे घरधन्याचें राज्य, तेथें तो करील ती पूर्वदिशा, बाहेरच्यानें त्यांत पडूं नये, अशी समजूत आपल्या समाजांत फार काळ नांदली. भिंतीपलीकडून किंकाळ्या ऐकूं आल्या तरी शेजारी खिडकी लावून घेई आणि या अलिप्ततेस सभ्यपणा म्हणे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणाऱ्या कायद्यास १३ सप्टेंबर २००५ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली, तेव्हां निदान कायद्यापुरता तरी त्या समजुतीचा अंत झाला. योगायोग असा कीं, त्याच आठवड्यांत, १६ सप्टेंबर रोजीं, न्यूयॉर्क येथें जमलेल्या राष्ट्रांनीं राष्ट्रांच्या घरांविषयीं असाच एक ठराव संमत केला. वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक उच्चाटन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांपासून प्रजेचें रक्षण करणें हें प्रत्येक राज्याचें कर्तव्य आहे. जें राज्य त्यांत उघड उघड चुकेल, त्याच्या बाबतींत सुरक्षा-समितीच्या द्वारें सामुदायिक उपाय योजण्यास आम्ही तयार आहों, असें त्यांनीं जाहीर केलें.

या दोन गोष्टी वरवर एकसारख्या दिसतात; परंतु त्यांत एक मोठें अंतर आहे. घरांच्या वर न्यायाधीश असतो, आणि त्या घरांतील दागदागिन्यांशीं त्याला कांहीं कर्तव्य नसतें. राष्ट्रांच्या वर असा निरिच्छ न्यायाधीश नाहीं. सुरक्षा-समितीच्या पांच कायम सभासदांपैकीं कोणाही एकास नकाराधिकारानें सारें काम अडवितां येतें, आणि या पांचांचे हितसंबंध तर जगभर पसरलेले. राष्ट्रांनीं एकमेकांविरुद्ध बळ वापरूं नये, आणि मूलतः अंतर्गत अशा बाबतींत संघानेंही पडूं नये, असें १९४५ च्या सनदेच्या दुसऱ्या कलमांत लिहिलें आहे. स्वसंरक्षण आणि सुरक्षा-समितीची परवानगी, एवढ्या दोनच वाटा सनदेनें बळाच्या वापरास मोकळ्या ठेवल्या.

हा नियम निर्दय आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं अवधचें स्मरण करावें. कंपनीसरकारनें १८५६ सालीं तें राज्य खालसा केलें, तें प्रजेच्या कळवळ्यानेंच! नबाब वाजिद अली शाहचा कारभार बिघडला आहे आणि रयत हाल सोशीत आहे, असें कारण देण्यांत आलें. तो कारभार निर्दोष होता असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु आरोप करणारा, निवाडा देणारा आणि निवाड्याअंतीं मालमत्ता ताब्यांत घेणारा हे तिघेही एकच होते. १८०१ च्या तहानें ज्या कंपनीनें त्या राज्याचा निम्मा मुलूख घेतला, तीच पुढें त्याच्या दुर्दशेनें गहिंवरून आली! आणि जिच्या कल्याणाचा एवढा डांगोरा पिटला, ती प्रजा दुसऱ्याच वर्षीं शस्त्र घेऊन उठली. आशिया-आफ्रिकेंतील नवस्वतंत्र राष्ट्रें ‘अंतर्गत कारभार’ या शब्दांस इतकीं कां जपतात, याचें उत्तर असल्या इतिहासांत आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच भीषण आहे. १९९४ सालीं रुआंडांत सुमारें शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसें कापलीं गेलीं. संयुक्त राष्ट्रसंघाचें सैन्य तेथें आधींपासून हजर होतें. कत्तल ऐन भरांत असतांना, २१ एप्रिल रोजीं, सुरक्षा-समितीनें तें वाढविण्याऐवजीं २७० जणांपर्यंत घटविण्याचें ठरविलें. खिडकी लावून घेणाऱ्या शेजाऱ्याचें याहून लाजिरवाणें उदाहरण शोधूनही सांपडणार नाहीं.

मग नियम पाळावा कीं माणसें वाचवावीं? या प्रश्नास आपला देशच एकदां सामोरा गेला. २५ मार्च १९७१ च्या रात्रीं पाकिस्तानी लष्करानें ढाक्यांत कत्तल आरंभिली, आणि पुढील महिन्यांत सुमारें एक कोटि निर्वासित सरहद्द ओलांडून भारतांत आले. ३ डिसेंबर रोजीं पाकिस्ताननें आपल्या विमानतळांवर हल्ले केले, युद्ध पेटलें, १६ डिसेंबर रोजीं ढाका पडलें. मध्यंतरीं, ७ डिसेंबर रोजीं, युद्ध थांबवून सैन्यें मागें घ्यावीं असा ठराव संघाच्या आमसभेनें १०४ विरुद्ध ११ मतांनीं केला. भारताच्या बाजूस अवघीं थोडीं राष्ट्रें उभीं होतीं. भारताचा हेतु निव्वळ परोपकाराचा होता असेंही म्हणवत नाहीं. निर्वासितांचा भार उतरावा आणि प्रतिस्पर्ध्याचें बळ तुटावें, हा स्वार्थ त्यांत होताच. पण पुढें काय घडलें तें पाहावें. मुजीबुर रहमान यांनीं फौजा परत जाव्यात अशी इच्छा दर्शविली, आणि मार्च १९७२ मध्यें भारतीय सैन्यानें ढाक्याचा निरोप घेतला.

शेजाऱ्याच्या जळत्या घराचें दार जो मोडतो, त्याची परीक्षा अशीच होते. तो आंत कसा शिरला यापेक्षां मूल घेऊन बाहेर आला कीं भांडीं घेऊन, हें गांव पाहतें. कंपनी अवधांत शिरली ती बाहेर आलीच नाहीं. व्हिएटनामनें जानेवारी १९७९ मध्यें नॉमपेन्ह घेऊन पॉल पॉटची राक्षसी राजवट संपविली. त्या राजवटीनें चार वर्षांच्या आंत पंधरा लाखांहून अधिक प्रजेचा बळी घेतला होता. पण व्हिएटनामी फौजा तेथें १९८९ पर्यंत बसून राहिल्या, आणि जें पुण्य पदरीं पडावयाचें त्यावर संशयाची छाया पडली. उलट लिबियांत परवानगी रीतसर होती. नागरिकांच्या रक्षणासाठीं बळ वापरण्यास सुरक्षा-समितीनें १७ मार्च २०११ रोजीं मुभा दिली. भारतासह पांच राष्ट्रें तटस्थ राहिलीं. रक्षणासाठीं गेलेलीं विमानें राजवट उलथून पडेपर्यंत परतलीं नाहींत. गडाफी मारला गेला, आणि देश पुढें वर्षानुवर्षें सशस्त्र टोळ्यांच्या हातीं राहिला. तात्पर्य, परवानगीचा कागद हातीं असला म्हणजे कृत्य शुद्ध होतेंच असें नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, परक्या राष्ट्रांत शिरण्याचा ‘हक्क’ कोणत्याही एका राष्ट्रास देऊं नये. हक्क मिळाला कीं तो बलवानाच्याच हातीं जातो; दुर्बल राष्ट्र बलवानाचें दार मोडूं शकत नाहीं. नियम कडकच असावा. तथापि असा प्रसंग येतो, जेव्हां नियम मोडणें हेंच कर्तव्य ठरतें. अशा वेळीं जो आंत जाईल त्यानें दोष पत्करण्याची तयारी ठेवून जावें, पुरावा जगापुढें मांडावा, परतीचा दिवस बांधून घ्यावा, आणि आपल्या कृत्याचा निवाडा दुसऱ्यांस करूं द्यावा. एवढी जोखीम घेण्याइतकी ज्याची करुणा खरी नाहीं, त्यानें करुणेचें नांव घेऊं नये.

१९७१ सालीं आपल्याविरुद्ध पडलेल्या त्या १०४ मतांचा राग आपल्याकडे पुष्कळांना आला होता. परंतु त्यांपैकीं कित्येक मतें लहान राष्ट्रांचीं होतीं, आणि उद्यां आपलें दार कोण मोडील या चिंतेनें तीं दिलेलीं होतीं. जो बांगला देश दार मोडल्यामुळें जन्मास आला, त्यासही जन्मतःच पहिली गरज भासली ती स्वतःच्या शाबूत दाराची. आपण तें ओळखलें आणि परतलों. त्या युद्धांतील विजयाइतकीच ही गोष्टही मुलांना सांगण्याजोगी आहे.