दिवाळीआधीची शाळा

जूनमध्ये गावोगाव प्रवेशोत्सव झाले. पहिलीच्या मुलांना फुले मिळाली, पुस्तके मिळाली, कुठे सजवलेल्या बैलगाडीतून त्यांची मिरवणूक निघाली. पुढे पायाभूत चाचणी झाली आणि गुण पोर्टलवर भरून झाले. आता जिल्हा परिषदांच्या शाळांपुढे पहिल्या सत्राचे उरलेले दिवस आहेत, आणि वर्षाचे बरेचसे भवितव्य याच दिवसांत ठरते. तिसरीतले जे मूल दिवाळीच्या सुटीला जाताना अडखळत का होईना, पण वाक्य वाचू लागलेले असते, ते पुढच्या सत्रात वर्गाबरोबर राहते. जे तोवर काना-मात्रा-वेलांटीतच अडकलेले असते, त्याच्यासाठी नंतर कुणाला उसंत मिळत नाही. स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, शिष्यवृत्तीची तयारी, मार्चअखेरची धावपळ या सगळ्यात ते तसेच चौथीत ढकलले जाते. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाची पारख म्हणूनच दिवाळीआधीच्या कामावर व्हायला हवी, असे आमचे मत आहे.

पायाभूत चाचणीला आमचा विरोध नाही. मूल कुठे उभे आहे हे कळल्याशिवाय त्याला पुढे कसे न्यायचे? पण त्या चाचणीचे पुढे काय होते, हा खरा मुद्दा आहे. ५२ मधून २७ वजा करायला दिले की अनेक मुले उत्तर ३५ लिहितात. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा एवढेच त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. वरची संख्या कुठली, खालची कुठली याचा संबंधच उरलेला नसतो. अशा मुलाला हातच्याची आणखी वीस गणिते फळ्यावर घालून दिली तर ते वीसही वेळा तसेच चुकेल. त्याच्या हातात काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्याव्या लागतात. सात काड्या काढायच्या तर एक गठ्ठा सोडावा लागतो, हे त्याने स्वतःच्या बोटांनी केले की मग हातचा म्हणजे काय ते उमगते. पोर्टलवर मात्र या मुलाचा फक्त एक गुण गेलेला दिसतो. शाळेची टक्केवारी केंद्राला, केंद्राची तालुक्याला, तालुक्याची जिल्ह्याला जाते. शिक्षकाच्या उपयोगाची गोष्ट, म्हणजे ते ३५ हे उत्तर, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातच राहते.

चित्र निराशेचे आहे असे मुळीच नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीतील २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये, करोनाकाळातील बंद शाळांनंतर, हे प्रमाण १६.३ टक्क्यांपर्यंत घसरले होते. दोन वर्षांत एवढी सुधारणा झाली याचे श्रेय वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकांचे आहे. पण चारातली तीन मुले अजून तिथे पोचलेली नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे. तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचन आणि गणिताची मूलभूत कौशल्ये यावीत, असे ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट जुलै २०२१ मध्ये ठरले आणि त्यासाठी २०२६-२७ ही मुदत घातली गेली. राज्यानेही मार्च २०२५ मध्ये दुसरी ते पाचवीसाठी कृती कार्यक्रम हाती घेतला. त्यातले चावडी वाचन आम्हाला विशेष मोलाचे वाटते. आपले मूल चार लोकांसमोर वाचते आहे हे आईबापांनी कानांनी ऐकणे, याला प्रगतिपुस्तकाची सर येत नाही. फक्त चावडीवर वर्गातली हुशार पाच मुलेच उभी राहणार नाहीत, एवढे पाहिले पाहिजे. वाचता न येणाऱ्या मुलाचे नाव गावाला कळावे असे आम्ही म्हणत नाही, पण अशी मुले किती आहेत हे गावाला कळलेच पाहिजे.

सुधारणा कशी होते हे पाहायला महाराष्ट्राला लांब जावे लागत नाही. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटात शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी चाळीसेक शाळांत जे उभे केले, ते पाहायला राज्यभरातून हजारो शिक्षक गेले. वर्गातली फरशी रंगवून तिचीच पाटी केली होती. मुले त्यावर बसून शब्द जुळवत, संख्या मांडत, एकमेकांना शिकवत. शिक्षक खाली, मुलांमध्ये. पाहून आलेल्यांनी रंगवलेली फरशी नेमकी उचलली, कारण ती दिसते आणि तिचा फोटो काढता येतो. ज्याचा फोटो निघत नाही ते वेगळेच होते. विस्तार अधिकारी शेरे मारायला येत नव्हत्या, शिक्षकाबरोबर बसून मूल कुठे अडते याचा शोध घेत होत्या. एका शाळेत साधलेली गोष्ट दुसऱ्या शाळेचा शिक्षक येऊन पाहत होता. न जमलेले सांगायला कुणी घाबरत नव्हते. या कामाच्या प्रेरणेने २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. त्यातून चांगले बरेच झाले. पण जिल्ह्याजिल्ह्यांत ‘प्रगत’ शाळांचे आकडे जाहीर करण्याची चढाओढही लागली, आणि शाळा शंभर टक्के प्रगत असल्याचे एकदा लिहून दिल्यावर मागे राहिलेल्या मुलाबद्दल बोलणार कोण?

त्यामुळे जिल्ह्याच्या शिक्षणाचा कणा म्हणून आम्ही केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी यांच्याकडे पाहतो. दहा-बारा शाळांचा केंद्रप्रमुख महिन्यातून एकदा प्रत्येक वर्गात तासभर बसला, तर पायाभूत चाचणीचा अर्थ शिक्षकापर्यंत पोचेल. आज अनेक ठिकाणी ही पदे रिकामी आहेत किंवा एकाकडे दोन-तीन केंद्रांचा पदभार आहे. जे आहेत त्यांचा दिवस माहिती गोळा करण्यात जातो. सकाळी व्हॉट्सॲपवर लिंक येते, दुपारी बारापर्यंत भरायची असते, आणि दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक ती भरायला बसला की पहिली ते पाचवीचे सगळे वर्ग दुसऱ्याच्या अंगावर पडतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. त्याच कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन बंधनकारक केले आहे. हे ८०० तास खरोखर भरले का, याची नोंद कोण ठेवतो? विद्यार्थ्यांच्या हजेरीइतक्याच काटेकोरपणे अध्यापनाच्या बुडालेल्या तासांची नोंद व्हावी, ही आमची मागणी आहे. ते तास कोणत्या आदेशामुळे बुडाले, हेही त्या नोंदीत असावे.

लोकप्रतिनिधींकडेही यात मोठी जबाबदारी आहे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हा प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे देण्यामागे विचार होता की शाळेचा जाब गावाच्या माणसाला विचारता यावा. २०२२ नंतर बराच काळ बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक राहिले, शिक्षण समितीची खुर्ची रिकामी राहिली आणि सभागृहात प्रश्न विचारणारेच उरले नाहीत. मुंबईतून निघालेला आदेश थेट वर्गात पोचू लागला. शिक्षण समितीचे पहिले काम आता वर्गखोल्यांच्या दुरुस्तीच्या निविदा हे असू नये, जरी गळक्या छपरांचा प्रश्नही खराच आहे. समितीने शिक्षणाधिकाऱ्यांकडून चार गोष्टी लेखी मागाव्यात: पायाभूत चाचणीच्या वेळी किती मुले अक्षर, शब्द, परिच्छेद या टप्प्यांवर होती, दिवाळीपर्यंत त्यातली किती पुढच्या टप्प्यावर गेली, कोणत्या शाळांत शिक्षकाचे पद रिकामे आहे, आणि किती अध्यापनतास बुडाले. हीच माहिती शाळानिहाय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आणि ग्रामसभेत वाचली जावी. आकडा वाईट आला म्हणून शिक्षकाला कारणे दाखवा नोटीस निघणार नाही, हे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी आधीच जाहीर करावे, म्हणजे खरे आकडे बाहेर येतील. आणि जिथे मुले पुढे सरकलेली नाहीत, तिथे दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात केंद्रप्रमुखाने जाऊन वर्गात बसावे, सोबत त्या मुलांच्या ऑगस्टमधल्या उत्तरपत्रिका घेऊन.