‘सोडून द्या’ म्हणण्याआधी

आलापल्लीत एप्रिल उजाडला की तेंदूपानांचा हंगाम सुरू होतो. पहाटे जंगलात गेलेली कुटुंबे दुपारी पाने घेऊन परततात, सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधतात आणि ते फळीवर वाळत पडतात. या पानाची पुढे बिडी होते. सागवानाच्या डेपोइतकाच हा व्यवहार या गावाच्या ओळखीचा आहे. रस्त्याकडेच्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होत असतो, तोही या भागाच्या अंगवळणी पडलेला. अशा ठिकाणी ‘तंबाखू वाईट’ हे कोणाला सांगायचे? ते सर्वांना ठाऊक आहे. बिडी ओढणाऱ्याला तर सर्वांत अधिक.

गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पुढे सुगंधित तंबाखूवरही आली. तरीही खर्रा घोटला जातो. कायदा दुकानापर्यंत पोहोचतो. खिशातल्या पुडीला त्याचा धाक फारसा नसतो. 2016 साली शासन, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था यांनी मिळून जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ हे अभियान सुरू केले. गावाचा निर्णय आणि माणसाचा उपचार या दोन्ही बाजूंनी व्यसनाकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. त्यातील उपचाराच्या बाजूला, म्हणजे एका माणसाशी समोर बसून बोलण्याला, एक शास्त्र आहे. त्याची ओळख घराघरांत व्हावयास हवी, कारण तसे बोलण्याची वेळ डॉक्टरपेक्षा घरच्यांवरच अधिक येते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 साली दारू पिणाऱ्यांशी संवाद कसा साधावा यावर एक निबंध लिहिला. पुढे स्टीफन रॉलनिक यांच्यासह 1991 साली त्याचे पुस्तक झाले. या पद्धतीला ‘प्रेरणादायी मुलाखत’ म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे, कारण मुलाखत घेणारा प्रेरणा देत नाही, समोरच्याच्या मनात आधीच असलेली प्रेरणा तो ऐकतो. व्यसनी माणूस एकमनी नसतो. सोडावे असे त्याला वाटते आणि सोडवत नाही असेही वाटते. आपण ‘सोडा’ म्हटले की त्या दुहेरी मनातील ‘सोडावे’ ही बाजू आपण उचलून घेतो. मग त्याच्या वाट्याला दुसरीच बाजू राहते आणि तो तिचेच समर्थन करू लागतो. जितका उपदेश, तितका बचाव. माणूस आपल्या तोंडून जे बोलतो ते त्याला पटत जाते, हेच यातील मर्म आहे.

नमुना म्हणून एक प्रसंग कल्पावा. आलापल्लीतील किराणा दुकानदार, वय पंचावन्नच्या आसपास, दिवसाला एक कट्टा बिडी. आरोग्य केंद्रातील समुपदेशक ताई त्यांच्यासमोर बसल्या आहेत.

‘काका, बिडीबद्दल थोडं बोललं तर चालेल का?’

‘बोला ना. पण सोडा म्हणू नका. मुलगा रोज म्हणते.’

‘नाही म्हणणार. बिडीनं तुम्हाला मिळते काय, ते सांगा.’

‘सकाळी पोट साफ होत नाही तिच्याशिवाय. आणि दुकान बंद केल्यावर बरं वाटते.’

‘आणि नको वाटते असं काही?’

‘खोकला. अन् नात मांडीवर बसली की नाक धरते.’

‘नातीचं नाक धरणं मनाला लागते तुमच्या.’

काका क्षणभर गप्प होतात. ताई तो क्षण भरून काढत नाहीत. नंतर विचारतात, ‘शून्य ते दहा यांत, सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटते?’ उत्तर येते, ‘पाच.’ येथे अननुभवी माणूस म्हणेल, ‘पाचच का?’ आणि काका पाचाचे कारण द्यायला बिडीचेच गुण सांगतील. ताई विचारतात, ‘दोन का नाही?’ मग काका स्वतःच सांगू लागतात: खोकला, नात, वडिलांचा शेवटचा दम्याचा काळ.

नियम घेण्याची आपली रीत याहून फार दूर नाही. प्रत्याख्यान घेणारा स्वतः उभा राहतो, आपल्या शक्तीनुसार मर्यादा सांगतो. चार दिवसांचा नियमही नियमच असतो. बिघाड होतो तो चातुर्मासात, भर सभेत, घरच्यांनी हात धरून उभे केले तर. तोंडावर ‘हो’ येते, पण ते संकोचाचे असते. पुढे बिडी गोदामाच्या मागे ओढली जाते आणि अपराधीपणाने ती अधिकच लागते. खोटे बोलायला लावणारा नियम कोणाचे हित करतो?

या पद्धतीचे गुणगान करताना तोल राखणे बरे. 2019 साली कोक्रेन संस्थेने 37 चाचण्या तपासल्या, तेव्हा धूम्रपान सोडवण्यात ही पद्धत इतर मदतीपेक्षा सरस ठरते, असे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. संवाद दार उघडतो. निकोटीनची तल्लफ तेवढ्याने मिटत नाही. ती पहिले दोन-तीन दिवस सर्वांत तीव्र असते, पुढे काही आठवडे रेंगाळते. निकोटीनचे च्युइंगम, डॉक्टरांनी दिलेले औषध आणि 1800-11-2356 या राष्ट्रीय मदतवाहिनीचा मोफत आधार हे त्या दिवसांसाठी आहेत. बिडीबद्दल एक गैरसमजही दूर व्हावा: पानात गुंडाळली म्हणून ती सौम्य होत नाही. ती विझू नये म्हणून वारंवार झुरके घ्यावे लागतात आणि निकोटीन व डांबर सिगारेटहून कमी जात नाही.

व्यापारी घराण्याला आणखी एक प्रश्न टाळता येत नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे 2003 च्या कायद्याने निषिद्ध आहे, हे अनेक गल्ल्यांवर ठाऊक नसते. ज्या गल्ल्यावरून पुडी विकली जाते, त्याच गल्ल्यामागे बसून मुलाला ‘बाबूजी, बिडी सोडा’ म्हणावे लागते, तेव्हा त्या वाक्याचे वजन ग्राहकालाही कळते.

त्या प्रसंगातील काकांना ताई शेवटी विचारतात, ‘आता काय करावं वाटते?’ ते म्हणतात, ‘दुकानात नाही ओढणार. एवढं जमेल.’ ताई तेच वाक्य त्यांच्याच शब्दांत परत म्हणतात, कागदावर लिहितात आणि पंधरा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, पुन्हा येण्याची वेळ ठरवतात.