चौदा औंसांचा रत्तल

दुकानदाराने मापात मारले म्हणजे आपल्या घरची बाई उंबऱ्यात बसून त्याला दहा शिव्या घालते आणि पुढच्या बाजारी पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढते. करील काय बिचारी? उधारीची वही त्याच्या हाती. असे सोसणे आपल्याच कपाळी लिहिले आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी पुढील हकीकत घरात मोठ्याने वाचून दाखवावी. ती आपल्या मुलुखातली नाही, खास इंग्लंडच्या आरमारातली आहे.

ब्रिटिश आरमार म्हटले की विद्वान मंडळी नेल्सनचे नाव घेतात आणि १८०५ सालच्या ट्रॅफल्गारच्या लढाईचे पोवाडे गातात. मीही शाळेत वर्षानुवर्षे तेच घोकून घेतले, हा दोष माझ्या पदरी आहे. नेल्सन शूर होता, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो इतकाच की, सरदारांच्या लढाया तेवढा इतिहास आणि पोटासाठी केलेली लढाई म्हणजे दंगा, हा न्याय कोणी ठरविला?

आता १७९७ साल पाहा. फ्रान्सशी युद्ध जुंपलेले. आरमारात माणूस भरती कसा होई? प्रेस-गँग नावाची टोळी बंदरात हिंडे आणि खलाशी दिसला की त्याला धरून जहाजावर नेई. एकदा चढला की किनारा दिसणे मुश्कील, कारण पळून जाईल ही भीती. कसबी खलाशाला महिन्याचे चोवीस शिलिंग मिळत. हा दर सुमारे १४० वर्षे जागचा हलला नव्हता, आणि तोही पैसा वेळेवर हाती पडत नसे. बायकापोरे बंदरावर उपाशी! १७९५ साली पायदळाचा पगार वाढला, खलाशाची आठवण कोणाला झाली नाही. वर शिधा कसा मिळे तेही ऐका. सोळा औंसांचा रत्तल, पण जहाजावरचा कोठावळा चौदाच औंस मोजून देई. दोन औंस ‘नासधुशीचे’ म्हणून कापावेत, अशी वहिवाटच होती. म्हणजे चोरीला कायद्याचा शिक्का!

त्या वर्षीच्या आरंभी अकरा जहाजांवरील खलाशांनी वृद्ध ॲडमिरल लॉर्ड हाऊ यांस अर्ज पाठविले. सही कोणाचीच नाही, कारण सही करणाराची पाठ चाबकाने फुटली असती. अर्ज सारखे दिसले, म्हणून हे एकाच कोणाचे तरी काम असावे असे साहेबांस वाटले, आणि ते बाजूला पडले. गरिबांचे दुःख सगळीकडे सारखेच असते, तेव्हा त्यांचे अर्ज सारखे दिसणारच, एवढे मोठ्या लोकांच्या ध्यानात येत नाही.

१६ एप्रिल रोजी, ईस्टरच्या रविवारी, पोर्टस्मथजवळ स्पिटहेड येथे नांगर उचलण्याचा हुकूम सुटला आणि खलाशांनी तो साफ नाकारला. सोळा जहाजांनी प्रत्येकी दोन, असे बत्तीस प्रतिनिधी निवडले. वकील नाही, उमराव नाही, सगळे आपल्यातलेच. दारू पिऊन गोंधळ घालील त्याला त्यांनी स्वतःच शिक्षा ठेवली. व्यापारी जहाजांच्या रखवालीस जाणारी जहाजे अडविली नाहीत. आणि बजावून सांगितले की, फ्रेंच आरमार समुद्रात उतरले तर आम्ही त्याच क्षणी लढावयास निघू.

सरकारने आठवडाभरात पगारवाढ कबूल केली, राजाची माफीही आणली. पण कायदा मंजूर होण्यास उशीर लागला आणि संशय वाढला. ७ मे रोजी खलाशी पुन्हा अडले. ‘लंडन’ जहाजावर अधिकाऱ्यांनी गोळी चालविली, खलाशी मेले. तरीही गोळी घालणाऱ्या लेफ्टनंटला प्रतिनिधींनी फासावर जाऊ दिले नाही. अखेर पार्लमेंटने कायदा केला. तेच लॉर्ड हाऊ होडीत बसून जहाजोजहाजी समजूत घालीत फिरले. रत्तल सोळा औंसांचा झाला, जखमी खलाशाचा पगार बरा होईतो चालू राहिला, कित्येक जुलमी अधिकारी उतरविले गेले, आणि स्पिटहेडचा एकही माणूस फासावर गेला नाही.

कोणी म्हणेल, युद्धात मागण्या करणे हा देशद्रोह. त्याला उत्तर त्याच वर्षाने दिले आहे. स्पिटहेडमागून थेम्सच्या मुखाशी नोअर येथे बंड झाले. तेथे मागण्या वाढल्या, लंडनचा व्यापार अडविला गेला, एकी फुटली, आणि रिचर्ड पार्कर व इतर सुमारे तीस जण फासावर गेले. त्या दिवसांत ॲडमिरल डंकनजवळ दोनच मोठी जहाजे उरली होती. पण ११ ऑक्टोबरला कॅम्परडाऊन येथे डच आरमाराचा मोड केला तो याच डंकनने, आणि त्याच्या हाताखाली बरेचसे बंडवालेच होते. भाकरी मागणारा भित्रा नसतो, हे यावरून ज्याने त्याने ठरवावे.

याचे नाते आपल्याशीही आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या ठाण्यावर आपल्या खलाशांनी निकस अन्न नाकारले, आणि संप बंदरोबंदरी पसरला. मुंबईचे गिरणी कामगार त्यांच्या पाठीशी उतरले व गोळीबारात दोनशेवर माणसे मेली. २३ तारखेस पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून, सूड घेतला जाणार नाही या भरवशावर, खलाशांनी शस्त्रे खाली ठेवली. पुढे शेकडो जणांची नोकरी गेली. स्पिटहेडच्या लोकांनी कागद हाती येईतो नांगर उचलला नव्हता, आपल्या लोकांनी शब्दावर शस्त्रे ठेवली. फरक एवढाच, पण तो संसार बुडविणारा ठरला.

तेव्हा बंधूंनो, पोराला ट्रॅफल्गार जरूर शिकवा, पण त्याआधी स्पिटहेड शिकवा. मागणे थोडके व नेमके असावे, मागणारे एकजुटीचे असावेत, बोलणारा आपल्यातला असावा, आणि मिळाले ते कागदावर घ्यावे. ज्याला हे चार धडे आले, त्याच्या तागडीत कोणी चौदा औंसांचा रत्तल घालू शकणार नाही.

— एक खेड्यातील शिक्षक