एका प्रश्नाची दोन उत्तरे

सातारा आणि सांगली हे कृष्णाकाठचे दोन शेजारी जिल्हे. या दोन्ही जिल्ह्यांतील शाळांची मिळून सामान्यज्ञानाची स्पर्धा भरली आहे, अशी कल्पना करावी. सभागृह मुलामुलींनी भरून गेले आहे. गुरुजी हातातील कागदाकडे पाहून विचारतात, "यशवंतराव चव्हाण यांचा जन्म कोणत्या जिल्ह्यात झाला?" साताऱ्याचा मुलगा चटकन उठून सांगतो, "सातारा जिल्ह्यात." सांगलीची मुलगी तितक्याच निश्चयाने सांगते, "सांगली जिल्ह्यात." कागदावर उत्तर एकच लिहिलेले असते. मुलीला गुण मिळतात, टाळ्या वाजतात. मुलगा मान खाली घालून जागेवर बसतो आणि लगेच पुढचा प्रश्न येतो.

परंतु त्या मुलाचे चुकले काय? महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. त्या वेळी हे गाव सातारा जिल्ह्यात होते. सांगली नावाचा जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. सांगली हे एक संस्थान होते. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि १९४९ साली सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडील भाग व विलीन झालेला संस्थानी मुलूख मिळून 'दक्षिण सातारा' हा नवा जिल्हा तयार झाला. १९६० साली त्यालाच 'सांगली' हे नाव मिळाले. आज देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यात आहे. म्हणजे मुलाचे उत्तर १९१३ सालच्या नकाशाप्रमाणे होते आणि मुलीचे आजच्या नकाशाप्रमाणे. दोन्ही उत्तरे खरी होती. अपुरा होता तो प्रश्न.

हे उदाहरण एकटे नाही. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४२ च्या लढ्यातून उभे राहिलेले प्रतिसरकार 'साताऱ्याचे प्रतिसरकार' म्हणूनच इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याचे एक मोठे केंद्र असलेले कुंडल गाव मात्र आज सांगली जिल्ह्यात सापडते. गाव जागचे हलले नाही, इतिहासही बदलला नाही. बदलली ती जिल्ह्याची सीमा. ज्याला हे ठाऊक नाही, तो इतिहासाच्या पुस्तकाला तरी खोटे ठरवील, नाही तर नकाशाला.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. सामान्यज्ञान म्हणजे सुट्या उत्तरांची मोळी नव्हे. केव्हा, कोठे आणि कशामुळे, या तीन धाग्यांनी बांधलेले उत्तरच ज्ञान या नावाला पात्र ठरते. हे धागे तुटले, की उत्तर केवळ जिभेवर राहते. बुद्धीपर्यंत पोहोचत नाही.

इतिहासाप्रमाणेच कलेच्या क्षेत्रातही याचा प्रत्यय येतो. मराठीतील पहिले नाटक कोणते, असे विचारताच बहुतेक मुले 'सीतास्वयंवर' हे नाव सांगतात. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस, संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने, हे नाटक सादर केले. सूत्रधार पदे गाऊन कथा पुढे नेई आणि पात्रे प्रसंगाला साजेशी भाषणे ऐनवेळी करीत. या घटनेची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळला जातो. पण त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी, दूर दक्षिणेत तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारी मराठी नाटके रचली जात होती, हेही तितकेच खरे आहे. मग पहिलेपणाचा मान कोणाचा? लेखनाचा विचार केला तर तंजावरला विसरता येणार नाही. महाराष्ट्रात जी नाटकमंडळ्यांची परंपरा पुढे गावोगावी पसरली, तिचा आरंभ मात्र सांगलीचाच. यामुळे सांगलीचे मोठेपण तिळभरही उणे होत नाही. उलट तो मान नेमका कशाबद्दल आहे, हे स्पष्ट होते. म्हणूनच 'पहिले' हा शब्द कानी पडताच जाणत्या विद्यार्थ्याच्या मनात दुसरा प्रश्न उभा राहिला पाहिजे, 'कशातले पहिले?'

भूगोलाची गोष्ट तर अधिकच मौजेची आहे. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. तेथून पश्चिमेचा अरबी समुद्र अवघा साठ-पासष्ट किलोमीटर दूर. तरीही ही नदी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते. वाई, कऱ्हाड, सांगली मागे टाकीत सुमारे १४०० किलोमीटरांचा प्रवास करून ती बंगालच्या उपसागरास मिळते. त्याच महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री मात्र पश्चिमेकडे उतरून अरबी समुद्र गाठते. असे का व्हावे? सह्याद्रीचा माथा हा जणू घराच्या छपराचा आढा आहे. आढ्याच्या एका बाजूस पडलेले पाणी पुढच्या अंगणात जाते, दुसऱ्या बाजूचे मागच्या परसात. फरक इतकाच, की या छपराची पश्चिमेकडील उतरण कड्यासारखी उभी आहे आणि पूर्वेकडील लांबवर पसरलेली आहे.

आता याच डोंगरातील कोयनेविषयी विचारावे, तिचे पाणी कोणत्या समुद्रास मिळते? कोयना कऱ्हाडजवळ प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटते, तेव्हा तिचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते, हे उत्तर बरोबर आहे. परंतु कोयनेवर धरण बांधून माणसाने तिचे काही पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळविले. ते उंचावरून पोफळीकडे कोसळते, त्याच्या वेगावर वीज निर्माण होते आणि मग ते वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास जाऊन मिळते. एकच नदी, पण तिच्या पाण्याला दोन दिशा आणि दोन समुद्र. निसर्गाने दिलेले उत्तर एक आणि माणसाने घडविलेले दुसरे. दोन्ही ठाऊक असतील, तरच कोयना खऱ्या अर्थाने ठाऊक झाली.

कोयनेचे नाव निघाले, की ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची आठवण होते. त्या दिवशी कोयनानगरच्या परिसरात मोठा भूकंप झाला, अनेकांचे प्राण गेले आणि हजारो घरे पडली. तो कशामुळे झाला, असे विचारले तर कोणी म्हणतो 'धरणामुळे', कोणी म्हणतो 'भूगर्भातील हालचालीमुळे'. शास्त्रज्ञांच्या मते, खोलवरच्या खडकांत ताण आधीपासूनच साठलेला होता. जलाशयातील पाण्याचा भार आणि भेगांतून खाली झिरपलेले पाणी यांनी तो मोकळा होण्यास हातभार लावला. म्हणजे दोन्ही उत्तरे अर्धी-अर्धी खरी आहेत. शास्त्रज्ञ मात्र एवढ्यावर समाधान मानून थांबलेले नाहीत. या परिसरात जमिनीला सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून त्यांनी तेथील खडकांची पाहणी केली असून कऱ्हाड येथे या अभ्यासासाठी प्रयोगशाळाही उभारली आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर स्पर्धेतील विद्यार्थ्याने एका शब्दात द्यावे अशी अपेक्षा असते, त्या प्रश्नासाठी थोर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे खपतात.

मग पाठांतर करूच नये काय? सनावळ्या, नद्यांची नावे, थोरांची जन्मगावे ही सारी व्यर्थच समजावीत काय? तसे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा अविचार होईल. १९४९ हे साल ठाऊक नसते, तर त्या मुलाचा आणि मुलीचा वाद मिटलाच नसता. तंजावरचे नाव कधी ऐकलेच नाही, त्याला 'कशातले पहिले?' हे विचारण्याचे सुचणारही नाही. विचाराला कामी येणारे साहित्य स्मरणशक्तीच पुरविते. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवीत असत. ती तेथे सुरक्षित राही, हे खरे. पण पेव भरायचे ते पुढे उघडण्यासाठीच. पेव कधी उघडलेच नाही, तर भरलेले काय आणि रिकामे काय, सारखेच. पाठ केलेल्या माहितीचेही तसेच आहे.

यास्तव सामान्यज्ञानाच्या स्पर्धा बंद करू नयेत. त्यांत थोडी सुधारणा करावी. उत्तरासाठी जसे गुण असतात, तसे 'हे कशावरून?' या दुसऱ्या प्रश्नासाठीही असावेत. कागदावरच्या उत्तराहून वेगळे उत्तर आले, तर ते चूक ठरविण्यापूर्वी त्यामागचे कारण ऐकून घ्यावे. विद्यार्थ्यांनी केवळ उत्तरे गोळा न करता आपल्या गावच्या नदीविषयी, किल्ल्याविषयी, बाजारपेठेविषयी स्वतः प्रश्न तयार करावेत. वडीलधाऱ्यांना विचारावे, नकाशा उघडावा आणि एका पुस्तकात सापडलेले उत्तर दुसऱ्यात पडताळून पाहावे. आणि एखादी गोष्ट माहीत नसेल, तर 'मला ठाऊक नाही' असे म्हणण्याची लाज बाळगू नये. अंदाजाने ठोकून दिलेल्या उत्तरापेक्षा हे प्रामाणिक वाक्य अधिक मोलाचे आहे. कारण शोधाला सुरुवात तेथूनच होते.

आता पुन्हा त्या सभागृहाकडे वळावे. दोन उत्तरे ऐकताच गुरुजींनी हातातील कागद बाजूला ठेवला आणि दोन्ही मुलांना विचारले, "हे कशावरून?" तर काय होईल? मुलगा १९१३ सालाविषयी सांगेल, मुलगी आजचा नकाशा दाखवील आणि दोन्ही उत्तरे खरी कशी, हे साऱ्या सभागृहाला उमगेल. मग मान खाली घालून बसण्याची वेळ कोणावरच येणार नाही. टाळ्या तेव्हाही होतील. पण त्या एकट्या विजेत्यासाठी नसतील.