चित्राच्या नावाखाली
वेबसाइटच्या दर्शनी पानावर सरकती चित्रं दाखवणारं ‘स्लायडर रिव्होल्यूशन’ हे वर्डप्रेसचं लोकप्रिय प्लगिन. २०१४ मध्ये त्यात जे भोक उघडकीला आलं, ते चीड यावी इतकं साधं होतं. ‘अमुक चित्र दाखव’ म्हटलं की प्लगिन ती फाइल काढून देई. मागितलेली फाइल खरंच चित्र आहे का, चित्रांच्याच फोल्डरातली आहे का, हे बघण्याची तसदी मात्र घेत नसे. मग पत्त्यात दोन टिंबं नि एक तिरकी रेघ टाकायची, एक फोल्डर वर चढायचं आणि चित्राऐवजी वर्डप्रेसची कॉन्फिग फाइल मागायची. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड उघड्या अक्षरांत असतो. लॉगिनचीही गरज नाही! दुरुस्त आवृत्ती फेब्रुवारीतच निघाली होती, पण गुपचूप. बोभाटा झाला सप्टेंबरात. खरी गोम वेगळीच. हे प्लगिन कित्येक विकतच्या थीमच्या पोटात घालून मिळायचं. ते आपल्याकडे आहे हेच मालकाला ठाऊक नसेल, तर तो अपडेट कशाचं करणार? विक्रेत्यांचा हा निष्काळजीपणा मला त्या भोकापेक्षा गंभीर वाटतो. डिसेंबरात ‘सोकसोक’ मालवेअर याच प्लगिनमधून शिरलं आणि गूगलने अकरा हजारांवर डोमेन काळ्या यादीत टाकली. तरी २०१६ मध्ये, पनामा पेपर्स फुटले तेव्हा, ज्या बड्या लॉ फर्मचे ते गोपनीय कागद होते, त्या मोसॅक फोन्सेकाच्या साइटवर या प्लगिनची जुनीच आवृत्ती आढळली. कागद तिथूनच गेले, हा काही तज्ज्ञांचा कयास. सिद्ध झालेलं नाही.