अभ्यासापुरती जागा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे घराघरांत दोन याद्या होऊ लागतात. एक कॉलेजांची आणि दुसरी सामानाची. पहिलीवर सगळे घर बोलते, दुसरी आई एकटी करते. गादी, चादर, बादली, मग, कुलूप, डबा, चिवड्याची बरणी, कपडे वाळत घालायची दोरी. जून-जुलैत कळंबच्या बसस्थानकावर थोडा वेळ उभे राहिले, तर ही दुसरी यादी एसटीच्या पायऱ्या चढताना दिसते. कोणी यवतमाळला निघालेले असते, कोणी वर्ध्याला, कोणी नागपूरला. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली आणि बाहेर शिकायला जाणाऱ्या पोरांना आणखी एक वाट मिळाली.

या यादीत मी आजवर एक वस्तू पाहिली नाही. ती म्हणजे अभ्यासाला बसायचे टेबल. कारण उघड आहे, टेबल काखेत मारून नेता येत नाही. पण ते मागे घरी तरी असते का? बहुतेक घरांत नसते. आज लिहायचे आहे ते या नसलेल्या टेबलाविषयी, आणि त्या निमित्ताने विद्यार्थ्याच्या खोलीविषयी.

सध्या थोडक्या सामानाच्या खोलीची चलती आहे. शहरातली सजावटकार मंडळी तिला ‘मिनिमलिस्ट’ म्हणतात. मासिकांत, जाहिरातींत आणि आता हातातल्या फोनवर तिची चित्रे सारखी समोर येतात. पांढरी भिंत, फिकट लाकडाचे टेबल, एक खुर्ची, एक दिवा, कुंडीत एक रोप. पुस्तके पाच-सहा, तीही रंग जुळवून मांडलेली. बारावीच्या मुलाची गाईडे, प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आणि मळकी सॅक कुठे गेली, हे चित्रात कळत नाही. असा सगळा संच विद्यार्थ्यांसाठी म्हणून हप्त्यांवरही मिळतो. ज्याचा जन्म लोकांचे हप्ते मोजण्यात गेला, त्या माझ्यासारख्याला याची मोठी गंमत वाटते. कमी वस्तूंत राहायचे, आणि त्यासाठी आधी कर्ज काढायचे!

तरी या फॅशनची थट्टा करून विषय संपत नाही, कारण तिच्या मुळाशी असलेला विचार खोटा नाही. स्वीडनच्या आयकिया कंपनीने १९५६ मध्ये पाय सुटे करून सपाट खोक्यात मावणारी टेबले विकायला सुरुवात केली. गोदामात जागा वाचली, वाहतूक स्वस्त झाली आणि जोडणीचे काम गिऱ्हाइकाकडे गेले. हीच कंपनी २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईला आली. वस्तू कामापुरती असावी, हलकी असावी, तिने जागा अडवू नये, हे तत्त्व कोणालाही पटेल. प्रश्न एवढाच, की ते आपल्याला नवे होते का?

आमच्या पिढीच्या विद्यार्थ्याचे सामान म्हणजे पत्र्याची ट्रंक आणि वळकटी. सकाळी वळकटी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली की झोपायची खोली बसायची होई. पाट मांडले की तीच जेवणघर, आणि पाट भिंतीला टेकवले की पुन्हा मोकळी. भिंतीतला कोनाडा दिव्याचा, खुंटी सदऱ्याची, फळी पुस्तकांची, वर टांगलेली दांडी ओल्या कपड्यांची. दुकानात मुनीमजींपुढे बैठा डेस्क असे. त्याच्या उतरत्या झाकणावर लिहायचे आणि झाकण उचलून आत वह्या ठेवायच्या. मांडी घालून बसणाऱ्या माणसासाठी याहून सोयीची वस्तू मी अजून पाहिलेली नाही. हे सगळे कोणी ‘डिझाइन’ म्हणून केले नव्हते. जागा कमी होती, माणसे जास्त होती, आणि त्यातून पिढ्यान्पिढ्या घासून ही व्यवस्था तयार झाली होती.

साध्या खोलीचा विषय निघाला की आमच्या भागातल्या माणसाला सेवाग्राम आठवतेच. कळंबहून देवळी, देवळीहून वर्धा आणि तिथून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम. गांधीजी तिथे १९३६ मध्ये राहायला आले. आज ‘बापू कुटी’ म्हणून जी दाखवतात, ती मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधली होती. माती, बांबू, कवेलू असे आसपास मिळणारे सामान आणि गावचे कारागीर. आत चटई, पाठ टेकायला फळी, पुढ्यात बैठे मेज, हाताशी लागणाऱ्या चार वस्तू. मातीच्या भिंतीवर मीराबेन यांनी उठावात काढलेली झाडे आणि चरखा. इव्हान इलिच हा विचारवंत १९७८ च्या जानेवारीत सेवाग्रामला आला, तेव्हा या झोपडीत बराच वेळ बसला. माणूस राहतो ते घर आणि माणूस आपले सामान ठेवतो ते घर यांतला फरक त्याने आपल्या भाषणात मांडला.

सेवाग्रामला शाळांच्या सहली जातात. गुरुजी मुलांना सांगतात, बघा, किती थोड्यात भागवत होते. मला त्या मुलांना आणखी एक गोष्ट दाखवावीशी वाटते. आश्रमाच्या दप्तरात व्हाइसरॉयशी बोलता यावे म्हणून बसवलेला टेलिफोन आहे. त्या काळात एवढ्याशा खेड्यात टेलिफोन ही केवढी मोठी चैन! पण कामाला तो लागत होता, म्हणून तो तिथे होता. शोभेचे काही नव्हते आणि कामाचे काही कमी नव्हते. साधेपणाचा हा दुसरा अर्धा भाग आपण मुलांना सांगायला विसरतो.

आणि केवळ सेवाग्राम सांगून थांबणेही बरोबर नाही. मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत शिकलेल्या भीमराव आंबेडकरांची गोष्टही तितकीच सांगायला हवी. तीच खोली स्वयंपाकाची, तीच झोपायची, तीच भांड्याकुंड्यांची. वडील रामजी सुभेदार मुलाला अपरात्री उठवीत, कारण सगळे झोपल्यावरच त्या खोलीत अभ्यासाला शांतता मिळे. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ते ग्रंथांना पुरेशी जागा मिळावी म्हणून. ज्याने जागेची टंचाई सोसली, त्याने तिचे गोडवे गायले नाहीत. हाती आल्यावर पहिल्यांदा पुस्तकांची सोय केली. गांधीजींनी वस्तू सोडल्या, त्या त्यांच्याकडे येऊ शकत होत्या म्हणून. ज्या मुलाकडे काहीच आलेले नाही, त्याला ‘साधेपणाने राहा’ असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला उपासाचे महत्त्व सांगणे आहे.

बँकेच्या नोकरीत कर्जाच्या तपासणीसाठी मी शेकडो घरे आतून पाहिली. घर बहुधा दोन-तीन खोल्यांचे. पुढची खोली सर्वांत मोठी, हवेशीर, उजेडाची. तीत सोफा, शोकेस आणि टीव्ही. सोफ्यावर दुकानातून आणला तेव्हाचे प्लास्टिक तसेच असायचे. ही खोली पाहुण्यांची. पाहुणे वर्षातून आठ-दहा वेळा येणार. घरातली मुले मात्र मागच्या खोलीत, धान्याच्या कोठीजवळ, चाळीसच्या बल्बखाली, बाजेवर पोटावर पडून गणिते सोडवत असायची. ‘पोरगी कुठे अभ्यास करते?’ असे मी विचारत असे. उत्तर ठरलेले. ‘कुठंही करते जी, तिला काही लागत नाही.’

कापसाच्या हंगामात तर तेवढीही जागा राहत नाही. वेचणी झाली की कापूस घरात येतो आणि भाव पटेपर्यंत तिथेच राहतो. २०२२-२३ च्या हंगामात भाव चढेल या आशेने कितीतरी शेतकऱ्यांनी कापूस महिनोन् महिने घरात भरून ठेवला. वाशांपर्यंत पांढरा ढीग, अंगाला खाज, आणि पोरे ओट्यावर. बोर्डाच्या परीक्षाही त्याच सुमारास असतात. यात बापाचा दोष नाही. त्याच्या वर्षाची कमाई त्या खोलीत असते.

पण ‘तिला काही लागत नाही’ हे वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण पुढे काही वर्षांनी तेच वडील पुन्हा बँकेत येत. आता मुलीचे लग्न ठरलेले असे. पलंग, गादी, लोखंडी कपाट, ड्रेसिंग टेबल, जमल्यास सोफासेट. आंदणाची ही यादीही मी पुष्कळदा वाचली आहे. ज्या मुलीला अठरा-वीस वर्षे काहीच लागत नव्हते, तिला एका मुहूर्तावर खोलीभर सामान लागले. ते ट्रकमध्ये चढून दुसऱ्याच्या घरी गेले, आणि हप्ते मात्र इथे सुरू राहिले. शिलाई मशीनच्या झाकणावर वही ठेवून बारावी झालेली एक मुलगी मला ठाऊक आहे. तिच्या आंदणात तीन आरशांचे ड्रेसिंग टेबल होते. त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या पैशात तिला सहावीतच अभ्यासाचे टेबल मिळाले असते.

म्हणून थोडक्या सामानाच्या या फॅशनकडून आपण एकच गोष्ट उचलावी, असे मला वाटते. घरातले काय कमी करायचे, हे ठरवण्याआधी कोणासाठी कमी करायचे, ते ठरवावे. पुढच्या खोलीतली शोकेस काढली तर तीन फुटांची भिंत मोकळी होते. अभ्यासाला तेवढी पुरते.

टेबल कसे असावे, याचेही उत्तर दुकानात शोधायची गरज नाही. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे आले आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. देशभर फिरून त्यांना सर्वांत सुंदर वाटलेली वस्तू कोणती, तर आपला साधा लोटा. त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरल्यावर तोल कसा राहतो, हाताला कसा लागतो, असे प्रश्न त्यांनी त्या एका लोट्याला विचारले. तसेच प्रश्न आपण टेबलाला विचारावेत. बसणार कोण, खुर्चीवर की मांडी घालून? कोपर कुठे टेकेल? उजेड कुठून येईल? मूल वाढल्यावर काय? ते नागपूरला गेल्यावर मागे कोण बसेल?

उत्तरे गावचा सुतारही देईल. खुर्चीवर बसायचे असेल तर टेबलाची उंची अडीच फुटांच्या आत, खुर्ची दीड फुटाची, आणि लहान मुलाचे पाय लोंबत असतील तर खाली पाट. फळी तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद पुरते. जागा अगदीच नसेल तर हीच फळी बिजागऱ्यांवर भिंतीला लावावी. अभ्यास झाला की खाली पाडायची, खोली पुन्हा मोकळी. मांडी घालून बसायचे तर मुनीमजींचा डेस्क आहेच. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. डोक्यामागचा बल्ब कामाचा नाही. वर नऊ-दहा इंच रुंदीची एक फळी पुस्तकांना, आणि भिंतीत दोन खुंट्या. एवढ्यात खोली पूर्ण होते.

लाकूडही दूरचे नको. आमचा जिल्हा सागाचा, पण साग आता सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिलेला नाही. बांबू आहे. मेळघाटात लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभ्या केलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने बांबूच्या वस्तू करणारे किती तरी स्थानिक हात तयार केले. २०१७ मध्ये कायदा बदलून शेतातला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून काढला गेला आणि तो तोडण्या-नेण्यातली मोठी अडचण दूर झाली. बुरुडाकडून आपण सूप आणि टोपली घेतो. त्याला एकदा बैठ्या मेजाचे माप देऊन पाहावे.

ज्यांच्या घरी यातले काहीच शक्य नाही, त्यांचे काय? पुण्यात स्पर्धा परीक्षांची मुले ‘कॉट बेसिस’वर राहतात. सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद एवढी त्यांची जागा, आणि टेबलासाठी अभ्यासिकेला वेगळे पैसे. तालुक्याच्या गावी तर पैसे देऊनही ती मिळेल असे नाही. संध्याकाळी पाचनंतर गावोगावच्या शाळांच्या खोल्या कुलूपबंद असतात. आत बाके आहेत, दिवे आहेत, पंखेही आहेत. रात्री दहापर्यंत त्यातल्या दोन खोल्या उघड्या ठेवायच्या, तर एक जबाबदार माणूस आणि विजेचे बिल एवढाच खर्च आहे. ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर हे एका ठरावाचे काम आहे.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा जरा उशिरा उघडतात. तेवढ्या दिवसांत सुताराला बोलावून एक फळी बसवून होते. बसवताना घरातल्या मुलीला उभी करून माप तिचे घ्यावे, आणि ती फळी तिची आहे, हे सगळ्यांसमोर सांगावे. मग ती शाळेत गेलेली असताना तिथे इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग ठेवायचा नाही, एवढे बाकीच्यांनी पाळावे.